पेडगावचा शार्क

"वेड पांघरून पेडगावला जाणे" हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. सगळं ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्याचा आव आणायचा, असा त्याचा अर्थ. पण ते म्हणीतलं पेडगाव वेगळं. ते भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. माझ्या बहिणीचं सासर असलेलं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं, परभणीहून मनमाडच्या दिशेला निघालं की लागणारं. नाव तेच, पण जिल्हा वेगळा, पाणी वेगळं, पिनकोड वेगळा. पाकिटावर नुसतं "पेडगाव" लिहून पत्र टाकलंत तर ते कुठे पोचेल हे पोस्टखात्याच्या मर्जीवर.

आजचा विषय गावं नाही, मासे आहे. पण हा नावांचा घोळ डोक्यात असू द्या, पुढे लागणार आहे.

बहिणीच्या घरी भाच्याने दोन फुटी काचेची टाकी ठेवली आहे. त्यात दहा निऑन टेट्रा, चार गप्पी आणि जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानातून आणलेले दोन "शार्क". रुपेरी अंग, त्यावर काळसर आडवे पट्टे, उभा कल्ल्यासारखा पंख, दिसायला एकदम रुबाबदार. आणले तेव्हा बोटाएवढे होते. चार-पाच महिन्यांनी फोनवर सांगतो, "मामा, निऑन कमी दिसायलेत." मग आठवड्याने, "आता सहाच राहिलेत." दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला उडी मारून पडले असतील, झाकण लावा. झाकण होतंच. दाजी म्हणाले मांजर. घरात मांजर नाही. :-)

फोटो मागवला. बघताक्षणी कळलं की हा शार्क वगैरे काही नाही, कॅटफिश आहे. पंगॅशियस. पूर्ण नाव पंगॅशिअनोडॉन हायपोफ्थाल्मस. मूळ गाव मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्या, म्हणजे थायलंड-कंबोडिया-व्हिएतनामचा भाग. निसर्गात हा मासा सव्वा मीटरपेक्षा जास्त वाढतो आणि वजन चाळीस किलोच्या वर गेल्याची नोंद आहे. आंध्र प्रदेशात हाच मासा तळ्यांमधून खाण्यासाठी पाळला जातो आणि आपल्याकडच्या हॉटेलांत मेनूकार्डावर "बासा" म्हणून जे येतं ते बरेचदा हेच असतं. (खरा बासा म्हणजे पंगॅशियस बोकोर्टी, तो याचा भाऊबंद. म्हणजे खोटं नाव टाकीपुरतं नाही, ताटातही आहे.)

तर दोन फुटी टाकीत चाळीस किलोच्या माशाचं पिल्लू, आणि शेजारी दीड इंचाचे निऑन. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता इथे दुकानदाराला शिव्या घालून लेख संपवता येईल. पण मला ते पटत नाही. एका दुकानदाराला दोष देऊन भागत नाही, कारण गडबड नाव देण्याच्या पद्धतीतच आहे. जिल्ह्याच्या गावातला दुकानदार माल मागवतो तो मुंबई-पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे तो येतो कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोलाथूरहून, जिथे शोभेच्या माशांचा मोठा धंदा चालतो. या साखळीत प्रत्येक जण खपेल ते नाव ठेवतो. "पंगॅशियस" नावाने पोरगं हट्ट करत नाही, "शार्क" म्हटलं की करतं. शेवटच्या दुकानदाराला मासा काय आहे हे खरंच माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि तो वेड पांघरतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काही नाही.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. फाईलचं एक्स्टेन्शन बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला कोणी .जेपीजी लिहून काहीही पाजलं तर शहाणा प्रोग्रॅम नावावर विश्वास ठेवत नाही, फाईलचे पहिले काही बाइट्स वाचून बघतो की हे नक्की आहे काय. माशाचंही तसंच करावं लागतं. पाटीवरचं नाव बाजूला ठेवायचं आणि मासा वाचायचा.

कॅटफिशच्या जगात चार हजारांहून जास्त जाती आहेत. त्या सगळ्या ओळखणं तज्ज्ञांचं काम. पण आपल्या दुकानांत येणारे जेमतेम आठ-दहा प्रकार ओळखायला चार गोष्टी बघितल्या तरी पुरतात.

पहिली, मिशा. किती जोड्या आणि किती लांब. पंगॅशियसला दोन जोड्या, त्याही लहान, लक्षात न येण्यासारख्या. म्हणून तर तो शार्क म्हणून खपतो. आपल्या नद्यांतल्या मिस्टस वर्गातल्या माशांना चार जोड्या, आणि वरच्या जबड्याची मिशी पार पोटापर्यंत पोचणारी. पिक्टस कॅटफिश, म्हणजे रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला दक्षिण अमेरिकेतला मासा, त्याच्या मिशाही अंगभर लांब. सायनोडॉन्टिस या आफ्रिकी माशाच्या खालच्या मिशांना पिसासारखे फाटे असतात. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही.

दुसरी, तोंड. पुढच्या बाजूला आडवं, रुंद उघडणारं तोंड असेल तर हा गिळणारा मासा. खालच्या बाजूला, जमीन चाचपणारं छोटं तोंड असेल तर हा वेचून खाणारा. काचेला चिकटणारी चकती असेल तर खरवडणारा. लहान माशांची सुरक्षितता ठरवताना ही एकच गोष्ट बघितलीत तरी अर्धं काम झालं.

तिसरी, कातडी. कॅटफिशला खवले नसतात. काहींची कातडी गुळगुळीत असते, काहींच्या अंगावर हाडाच्या पट्ट्या असतात. कोरिडोरासच्या दोन्ही बाजूंना अशा पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा दिसतात, चिलखत घातल्यासारख्या. सकर माशांचं चिलखत अजून जाड.

चौथी, पाठीवरच्या पंखातले काटे मोजणं. हे थोडं किचकट वाटेल, पण मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला की जमतं. चकतीच्या तोंडाचा मासा दुकानात "सकर" या एकाच नावाने मिळतो. त्यात पाठीच्या पंखात दहा किंवा जास्त मऊ काटे आणि पंख शिडासारखा मोठा असेल तर तो टेरिगॉप्लिक्थिस, दीड फुटापर्यंत वाढणारा. सात काटे, डोकं रुंद, आणि नरांच्या नाकाडावर झुडपासारखे कोंब आलेले असतील तर तो अँसिस्ट्रस, चार-पाच इंचांवर थांबणारा. दोन्हींचं पिल्लू दोन इंचाचं असताना पाटी एकच, भाव जवळपास एकच, आणि पुढचं आयुष्य संपूर्ण वेगळं.

आता जमेल का नाही हा प्रश्न. "हा मासा शांत आहे का?" असं लोक विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. पंगॅशियस शांतच असतो. शांत काय, भित्रा असतो, दचकला की नाक काचेवर आपटून घेतो. तो निऑनवर रागावत नाही, त्याच्या मागे धावत नाही. रात्री दिवा बंद झाला की तो फिरायला निघतो, निऑन एका कोपऱ्यात पेंगत असतात, आणि तोंडात मावेल ते पोटात जातं. यात भांडण नाही, वैर नाही. म्हणून सकाळी टाकीत पंख तुटलेला मासा सापडत नाही, प्रेत सापडत नाही, फक्त मोजणी चुकते. आणि मग आपण मांजराला नावं ठेवतो.

म्हणून स्वभावाआधी तीन आकडे विचारायला हवेत. मोठा झाल्यावर किती इंच, तोंड किती रुंद, आणि किती संख्येने ठेवायचा. पिक्टस पाच इंचांच्या आसपास थांबतो, तरी निऑन खातो, कारण तोंड मोठं आणि रात्रीचा शिकारी. उलट अँसिस्ट्रस तेवढ्याच लांबीचा, पण छोट्या माशांना त्याच्यापासून धोका नाही. कोरिडोरास दोन-अडीच इंचांचे, सहा-सातच्या घोळक्यात ठेवावेत, कोणाला त्रास देत नाहीत. पण त्यांनाही मोठ्या तोंडाच्या माशाबरोबर ठेवू नये, कारण त्यांच्या पंखांचे काटे अडसरासारखे ताठ होतात आणि गिळणाऱ्याच्या घशात अडकतात. म्हणजे एका घासात दोन मासे मरतात. (याच काट्यांमुळे कॅटफिश जाळीने पकडू नये, अडकतो. वाटीत किंवा डब्यात पाण्यासकट उचलावा.)

याला आपल्याकडच्या हवेची एक जोड द्यायला हवी. परदेशी पुस्तकांतला सल्ला परभणीच्या मे महिन्यात जसाच्या तसा चालत नाही. बाहेर पारा ४३-४४ वर असतो, टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. वर वीज गेली की हवेचा पंप बंद. पांडा कोरिडोरास थंड पाण्यातला, तो अशा वेळी हाल सोसतो. स्टर्बा जातीचा कोरिडोरास गरम पाणी त्यातल्या त्यात सहन करतो. म्हणजे "कोरिडोरास चालेल" एवढं म्हणून भागत नाही, कुठला हेही कळायला हवं. पुन्हा गाडी नावापाशीच येते.

इथे एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो खरा आहे. शास्त्रीय नावं तरी कुठे स्थिर असतात? दुकानात ज्याला काचमासा म्हणतात तो पारदर्शक कॅटफिश कित्येक दशकं पुस्तकांत एका नावाने मिरवला, आणि २०१३ साली एन्ग आणि कोटेलाट या दोघांनी दाखवून दिलं की बाजारात येणारा मासा मुळात वेगळ्याच जातीचा आहे. त्याला क्रिप्टॉप्टेरस विट्रिओलस असं नवं नाव मिळालं. २०२४ साली तर कोरिडोरास हा अख्खा वर्गच फोडला गेला आणि आपला नेहमीचा ब्राँझ कोरिडोरास आता ऑस्टिओगॅस्टर झाला. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही तर दुकानदाराने काय घोडं मारलंय?

फरक असा आहे. शास्त्रीय नाव बदललं तर जुनं नाव कुठे गेलं याची नोंद राहते. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं म्हणून तिकडच्या पेडगावचं पत्र हरवत नाही, कारण कोणत्या जागेचं नाव बदललं हे सगळ्यांना माहीत आहे. "शार्क" या नावाच्या मागे अशी नोंदच नाही. तो आज पंगॅशियस असेल, उद्या दुसऱ्या दुकानात दुसराच कोणीतरी.

आणि जिथे नाव ठरलेलंच नाही तिथेही सोय करता येते. चिलखती सकर माशांच्या इतक्या नव्या जाती यायला लागल्या की नामकरण मागे पडलं. तेव्हा १९८८ साली डाट्झ या जर्मन मासिकाने त्यांना सरळ नंबर द्यायला सुरुवात केली. एल-१, एल-२ वगैरे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको तेव्हापासून एल-०४६ म्हणून ओळखला जातो, त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९९१ साली. म्हणजे शौकीन लोकांनी बारसं व्हायची वाट बघत न बसता रोल नंबर दिला. हे मला फार आवडतं. आम्ही बगला नंबर देतो तसंच.

शिवाय हे काम आपल्याकडे कोणाला जमणार नाही असं म्हणू नका. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्याची १८३९ सालची वर्णनं आजही चालतात. त्याने नावं कुठून घेतली? इथल्याच लोकांच्या बोलण्यातून. स्पेराटा सिंघाला, रिटा गोग्रा, ताक्री, खुद्री. यातले पहिले तीन कॅटफिश आणि शेवटचा महसीर. नदीवर जाळं टाकणाऱ्या भोई माणसाला शिंगाडा कुठला आणि घोगरा कुठला हे विचारून बघा, तो अंधारात हात लावून सांगेल. त्याचं नाव थेट विज्ञानात गेलं. कारण चुकीच्या नावाचा मासा त्याला परवडत नव्हता, काटा हातात घुसत होता. आपल्याला परवडतो, म्हणून आपण निष्काळजी.

परवडतो हेही तितकंसं खरं नाही. भाच्याच्या घरी पुढचा प्रश्न लगेच आला. हे दोन आता मोठे होणार, मग करायचं काय? शेजारच्यांनी दोन सल्ले दिले. पहिला, "टाकी छोटी असली की मासा टाकीएवढाच वाढतो." हे साफ खोटं. छोट्या टाकीत मासा खुंटतो तो घाण पाण्यामुळे, तब्येत बिघडल्यामुळे. लहान बूट घातले म्हणून पाय तेवढाच राहावा अशी अपेक्षा करण्यासारखं आहे. दुसरा सल्ला, "विहिरीत सोडा, नाहीतर कॅनॉलात." हा सल्ला देणाऱ्याच्या मनात दया असते, पुण्यही असतं. आणि घात इथेच होतो.

कारण परभणी भागातलं पाणी शेवटी एकमेकांत मिसळतं. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. विहीर पावसाळ्यात भरून वाहते, ओढे नदीला जातात. एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. आमच्याकडे चुकीचा कोड लाइव्ह गेला तर रात्री जागून जुना परत चढवतो. नदीला ती सोय नाही. दुकानातला तो दीडफुटी सकर आज कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून केरळ-आंध्रपर्यंत उघड्या पाण्यात पसरला आहे. काठात बिळं करतो, त्याच्या काटेरी चिलखताने कोळ्यांची जाळी फाटतात, आणि खायला कोणी घेत नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निलो धरणावर याच माशांनी तिलापियाची भरभराटीची मासेमारी मोडीत काढली. हे मासे तिथे कोणी शत्रूने सोडले नव्हते.

थाई मागूरचं उदाहरण तर घरचंच. आफ्रिकेतला हा कॅटफिश, केंद्र सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला गेला. २०१९ साली हरित लवादाचा आदेश आल्यावर महाराष्ट्रात मत्स्यविभागाला तळी उपसून हे मासे नष्ट करावे लागले. त्याला विकताना नुसतं "मागूर" म्हणायचं, म्हणजे आपला देशी मागूर समजून माणूस घेतो. नाव अर्धवट सांगितलं की काय होतं त्याचं याहून ठळक उदाहरण मला सापडलेलं नाही.

२०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात परक्या आक्रमक जातींवर नियंत्रण ठेवायचा अधिकार केंद्राला मिळाला. चांगलं झालं. पण दिल्लीतला कायदा परभणीच्या दुकानातल्या काचेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पोचला तरी इन्स्पेक्टरला सकर आणि अँसिस्ट्रसमधला फरक कोण सांगणार?

माझं मागणं त्याहून खूप छोटं आहे. प्रत्येक टाकीवर भाव लिहिलेला असतोच. त्याच चिठ्ठीवर अजून तीन गोष्टी लिहा: शास्त्रीय नाव (नसेल तर एल नंबर), पूर्ण वाढ किती इंच, आणि "छोट्या माशांसोबत: हो / नाही". बस. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापतात, औषधाच्या पट्टीवर घटक छापतात, इथे तर जिवंत प्राणी आहे. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक स्केचपेन पुरतो. ठोक व्यापाऱ्याने बिलावर खरं नाव लिहिलं तर खालच्या दुकानदाराला अभ्यासही करायला नको, उतरवून काढलं की झालं.

"यांची विक्री कमी होईल" म्हणाल तर होऊ द्या. पंगॅशियसची होईल, कोरिडोरासची वाढेल. ज्या पोराचे दहापैकी सहा निऑन गायब झाले ते पोरगं पुढच्या वर्षी टाकी माळ्यावर टाकतं आणि त्या दुकानाचं गिऱ्हाईक कायमचं जातं. टाकी टिकली तर तेच पोरगं दहा वर्षं खाद्य, फिल्टर, झाडं घेत राहतं. हा हिशोब कुठल्याही दुकानदाराला कळतो, फक्त कोणीतरी समोर बसून मांडायला हवा.

आणि तोपर्यंत आपण गिऱ्हाईक म्हणून एवढं करू शकतो: नाव विचारायचं, मोठा झाल्यावर केवढा होतो ते विचारायचं, उत्तर नाही आलं तर मासा न घेता घरी यायचं. फोटो काढून आणा, मिशा बघा, तोंड बघा, काटे मोजा, मग दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. मोठा झालेला मासा दुकानात परत द्या, मोठी टाकी असणाऱ्याला द्या, पण नदी-विहिरीत नको. भाच्याचे दोघे एका ओळखीच्यांच्या आठ फुटी टाकीत गेले. तेही थोड्या दिवसांचंच, सव्वा मीटरच्या माशाला आठ फूट म्हणजे काही फार नाही. त्यांच्यासाठी खरं तर योग्य अशी घरगुती टाकी नसतेच, म्हणून ते विकायलाच नकोत असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठच्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी शिंगाड्याला शिंगाडा म्हटलं, आणि ते नाव आजही टिकून आहे. आपण पंगॅशियसला पंगॅशियस म्हणायला काय हरकत आहे?